वरातीच्या चालीनं

हिराजी मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उलटे चालत होते. संध्याकाळची वेळ, टोकावड्याच्या अलीकडचं त्यांचं गाव, आणि भर रस्त्यात हा माणूस पाठमोरा माझ्याकडे येत होता. गळ्यात बेंजो, अंगात सोनेरी बटणांचा लाल कोट, पायांत पांढरेशुभ्र बूट. त्यांच्यासमोर त्यांची बेंजो पार्टी, पार्टीमागे नाचणारी पोरं आणि पोरांमागे घोड्यावर नवरदेव. मास्तर ज्या दिशेला पाठ करून येत होते त्या दिशेला, रस्त्याच्या मधोमध, मी माझा ड्रोन उतरवायची नारिंगी चटई अंथरून ठेवली होती.

मी तेव्हा नुकताच निसर्गाचा चित्रकर्मी झालो होतो, म्हणजे माझ्या मते. ठाण्यातल्या एका कंपनीतली नोकरी सुटली होती. तिने मला सोडलं की मी तिला, याबद्दल आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. मग मी ड्रोन घेतला, रीतसर परवाना काढला, ‘उडता शहापूरकर’ नावाचं चॅनल उघडलं आणि आपल्या शहापूर-मुरबाडचे डोंगर जगाला दाखवायचा विडा उचलला. जगाने तशी मागणी केलेली नव्हती. आई म्हणाली, “उडाणटप्पू होताच, आता परवाना पण मिळाला.”

त्या दिवशी मी घाटाच्या कड्यांवरचा शेवटचा उजेड टिपत होतो आणि त्या नादात बॅटरीकडे बघायचं राहिलं. बॅटरी संपत आली की ड्रोन मालकाचं ऐकेनासा होतो. जिथून उडाला तिथेच मुकाट्याने परत येऊन उतरतो. इकडून तो खाली येत होता, तिकडून वरात. मी “बाजूला व्हा, बाजूला व्हा” म्हणून ओरडत होतो, पण नगाऱ्यापुढे माझी टिमकी कोण ऐकणार? शेवटी पंख्यांचा वारा मास्तरांच्या मानेला लागला. त्यांनी मागे न बघताच एक हात वर केला आणि अख्खी वरात जागच्या जागी थांबली. वाजणं थांबलं, नाचणं थांबलं, घोडासुद्धा थांबला. मग ते सावकाश वळले.

“हा भुंगा कुनाचा?”

मी वर्गातल्यासारखा हात वर केला.

“नवऱ्याकडचा का नवरीकडचा?”

“कोणाकडचाच नाही. मी निसर्गाचं शूटिंग करतो.”

“निसर्ग कुनाकडचा?” मास्तरांनी अगदी गंभीरपणे विचारलं. तेवढ्यात नवरदेवाचा मामा पुढे आला आणि शुभकार्यात आलाच आहे तर म्हणून त्याने ड्रोनला कुंकू लावलं. मास्तरांनी पार्टीला खूण केली आणि वरात माझ्या चटईला वळसा घालून पुढे गेली. तो कुंकवाचा डाग कॅमेऱ्याच्या भिंगावर होता हे मला घरी गेल्यावर कळलं.

वरात पोचवून मास्तर परत आले तेव्हा मी तिथेच चहाच्या टपरीवर बसलो होतो. “बगू काय काढलंस,” म्हणाले. मी मोठ्या तोऱ्यात माझा सर्वांत गाजलेला व्हिडिओ लावून दिला. गाजलेला म्हणजे आमच्या नातेवाइकांत. त्यात मी कड्यावरून सूर मारला होता, नदीवरून सुसाट गेलो होतो, झाडांच्या शेंड्यांवरून गिरक्या घेतल्या होत्या. मास्तरांनी फोन हात लांब करून धरला, मान थोडी इकडेतिकडे केली, आणि संपल्यावर विचारलं, “तुज्या मागं कुनी काठी घेऊन लागला होता काय रे?”

“नाही. का?”

“मग पळतंस कशाला? डोंगर काय एष्टी हाय काय, सुटंल म्हून?”

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी ‘शहापूर’ झालो. “ए शहापूर, ये. चहा घे. आनि सावकाश पी, तो पन पळवू नकोस.”

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. बेंजो पार्टीत जो म्होरक्या असतो त्याला मास्तर म्हणतात, आणि हा म्होरक्या आपल्या वाजवणाऱ्यांकडे तोंड करून, म्हणजे पुढच्या रस्त्याकडे पाठ करून चालतो. अख्खं आयुष्य हिराजी मास्तर त्या खोऱ्यातल्या गावागावांतून असे उलटे चालत गेले होते. कुठे गटार आहे, कुठे रस्त्याखालची मोरी आहे, कुठे कुणाचा कुत्रा झोपतो, सगळं त्यांच्या टाचांना पाठ होतं. स्वभावाने गरीब वगैरे मुळीच नव्हते. मिशा काळ्याभोर रंगवत. आपल्यासारखा बेंजो कसाऱ्यापासून माळशेजपर्यंत कुणी वाजवत नाही, असं ते स्वतःच सांगत आणि कुणी दुजोरा दिला नाही तर पुन्हा सांगत. माझ्या व्हिडिओत डोंगरावरून गुलाबाच्या पाकळ्या पडत आहेत असं करता येईल का, असं त्यांनी मला किती वेळा विचारलं असेल. करता येतं हे मी त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

पण वरात कशी चालवावी हे मात्र त्यांच्याकडूनच ऐकावं. “पोरं नाचतील जोरात,” ते सांगत, “त्यांना नाचू दे. पन वरात सरकली पायजे मुंगीच्या पायानं. आनि दरेक दारात थांबली पायजे. म्हातारी उठून दारात येस्तवर थांबायचं. ज्याच्या दारावरून गेलो त्याला वाटलं पायजे, वरात माज्यासाठीच आली होती.” आणि ज्या घरात त्या वर्षी मयत झालं असेल तिथे वेगळी रीत. त्या दारात पोचलं की बेंजो बंद, ढोल बंद, सगळे गप्प उभे. मग घरातलं कुणीतरी बाहेर येतं आणि म्हणतं, “वाजवा.” त्याशिवाय पुढे वाजवायचं नाही. मास्तर ही रीत इतकी कडक पाळत, की एकदा म्हणे घरातली माणसं शेतावर होती तर ती येईपर्यंत नवरदेव घोड्यावर डुलक्या घेत राहिला.

मी तो उपदेश गाठीला बांधला आणि ड्रोन वरातीच्या चालीने उडवायला लागलो. एका डोंगरासमोर जायचं, थांबायचं, त्याला बघू द्यायचं, मग पुढचा. मास्तर सांगत तसं, “त्या डोंगराला वाटू दे, आपल्यासाठी आलाय म्हून.” आणि काय सांगावं, लोकांना ते आवडायला लागलं. दमलेली माणसं जेवताना माझे व्हिडिओ लावू लागली. एका बाईंनी तर लिहिलं, की तुमच्या व्हिडिओने माझं बाळ झोपतं. मी ती प्रशंसा समजलो. कल्याणच्या एका कॉलेजात मला भाषणाला बोलावलं. मी तिथे ‘ठहराव’ या विषयावर बोललो. निसर्गाला घाई नसते, संथपणा हीच खरी दृष्टी आहे, असं बरंच काही. पहिल्या रांगेतला एक विद्यार्थी त्या संथपणात कधी झोपला ते मला दिसलं, पण मी थांबलो नाही.

मास्तरांचं घर म्हणजे माझा तळ झाला. त्यांच्या पत्नी, कमळाकाकी, मला कोरा चहा आणि नाचणीची भाकरी देत आणि माझ्या ड्रोनबद्दल खरीखुरी काळजी करत. एकदा डोळखांबच्या बाजूला एका घारीने ड्रोनवर झडप घातली आणि तो करवंदीच्या जाळीत पडला. मी तो ओरबाडलेल्या हातांनी घेऊन आलो तेव्हा काकी म्हणाल्या, “नजर लागली गो बाई त्याला. एवडा वर जातो, सगळ्यांच्या डोळ्यांत येतो.” मी हसलो आणि पंखे बदलायला बसलो. चहा पिऊन उठलो, ड्रोन उडवला, गावावर एक फेरी मारली. चांगला उडत होता, फक्त जरासा डुलत होता. उतरवायला घेतला तर उतरेना.

अंगणाच्या वर, हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर तो नुसता घोंघावत राहिला. मी खाली ओढतोय, तो नाही म्हणतोय. मग दिसलं. मी चहा पीत असताना मास्तरांनी त्याच्या पोटाला दोऱ्याने लिंबू-मिरची बांधली होती. ड्रोनच्या पोटाला खालची जमीन ओळखणारा एक डोळा असतो. त्या डोळ्यासमोर लिंबू लोंबकळत होतं. बिचाऱ्याला वाटत होतं, आपण कशावर तरी बसायला जातोय, आणि तो स्वतःला वाचवत होता.

“लिंबू काढायला हवं,” मी ओरडलो.

“मंग काढ की,” मास्तर म्हणाले.

“कसं काढू? तो खाली आल्याशिवाय?”

“मंग येऊ दे खाली.”

असा आमचा संवाद बॅटरी संपेपर्यंत चालला. शेवटी ड्रोन दमून, वाऱ्याने सरकत सरकत, गोठ्यामागच्या उकिरड्यात जाऊन बसला. शेणखतात रुतलेला, पण धड. मास्तरांनी तो उचलला, पुसला आणि विजयी मुद्रेने मला दाखवला. “बगितलंस? एक ओरखडा नाय. लिंबू होता म्हून वाचला.” आमच्या घरचे मला तर्क शिकवायला इंजिनियरिंगला घालत होते तेव्हा ते पैसे वाया जाणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कल्याणच्या भाषणानंतर मी पेढे घेऊन मास्तरांकडे गेलो, कारण सगळी विद्या त्यांचीच होती. मास्तर ओटीवर बसले होते. मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. त्यांनी तो शोधताना चहाची बशी लवंडली, मग पाण्याचा तांब्या पाडला, आणि पुडा शेवटी काकींनी त्यांच्या हातात दिला. मी गमतीने म्हटलं, “मास्तर, सकाळी सकाळी मोहाची घेतली की काय?”

मास्तर हसले. काकी हसल्या नाहीत.

“त्यांना कडंचं दिसत नाय,” त्या म्हणाल्या. “काचबिंदू झालाय. मदलं तेवडं दिसतंय, बाटलीच्या तोंडातून बगितल्यावानी. कल्यानच्या डाक्टरांनी सांगितलंय, गेलं ते येनार नाय. हाय ते थेंब टाकून किती टिकंल ते बगायचं. ते पन आता बारीक होत चाललंय.”

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. फोन हात लांब करून धरणं. मान इकडून तिकडे फिरवणं. “पळतंस कशाला?”

“म्हणजे मास्तर,” मी विचारलं, “तुम्ही मला सावकाश जा म्हणायचात ते…”

“दिसायचं नाय ना रे,” मास्तर म्हणाले. “तू भुर्रकन जायचास. मी एका बाजूचा डोंगर बगेपर्यंत तू दुसऱ्या तालुक्यात.”

“आणि वरात? दारात थांबणं? डोंगराला वाटलं पाहिजे?”

“ते पन खरं हाय,” ते म्हणाले. “वरात पन खरी, डोळा पन खरा. दोनी खरं असलं तर तुजं काय जातंय?”

माझं बरंच काही जात होतं. ठहरावावरचं अख्खं तत्त्वज्ञान मी एका काचबिंदूवर उभारलं होतं आणि त्यावर कॉलेजात टाळ्या घेतल्या होत्या, झोपलेला विद्यार्थी वगळून. मी हे सांगितलं तेव्हा मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण मला त्या दिवशी हसू आलं नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मग त्यांनीच विषय काढला. “शहापूर, एक काम करशील? हे आमचं खोरं मला सगळं एकदा बगायचंय. गावापासून पार घाटाच्या भिंतीपर्यंत. मी जन्मभर वाजवत गेलो, पन उलटा. जे मागं राहिलं तेवडंच बगितलं. पुडचं कदी धड बगितलंच नाय. आता वळून बगावं म्हटलं तर डोळ्यात मावत नाय. तुज्या त्या एवड्याशा काचंत मात्र सगळं मावतंय.” त्यांनी फोन पुन्हा हात लांब करून धरला. “हे मिटायच्या आत तेवडं कर.”

हे ऐकून मी तिथल्या तिथे ड्रोन काढला, तर पावसाने सुरुवात केली. आमच्याकडचा पाऊस एकदा बसला की बसला. ड्रोनला पाणी चालत नाही, वारा चालत नाही, धुकं चालत नाही. म्हणजे आषाढ-श्रावणात त्याला आमच्या तालुक्यातलं काहीच चालत नाही. मी शहापुरात खिडकीशी बसून आभाळाला शिव्या घालत होतो. चॅनलवर लोक विचारत होते, पावसाळ्यातले धबधबे कधी दाखवणार. मी त्यांना काय सांगणार, की मला धबधब्यांत काही रस उरलेला नाही, मला एका म्हाताऱ्यासाठी कोरडा दिवस हवा आहे. अधूनमधून फोन केला की काकी उचलत. मी विचारी, “मास्तरांचं कसं आहे?” त्या म्हणत, “काल भाताच्या ताटलीतला भात दिसला, शेजारची भाजी नाय दिसली.” ती बातमी घेऊन मी पुन्हा खिडकीशी जाऊन बसे.

नवरात्र सरलं आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. भात पिवळं पडलं होतं. मास्तर माझ्या मोटारसायकलवर मागे बसले ते लाल कोट घालून, बूट घालून, गळ्यात बेंजो घेऊन. मी म्हटलं, “बेंजो कशाला?” म्हणाले, “चाल कोन देनार तुला? तुजा बाप?” प्रत्येक गावाबाहेर आम्ही थांबायचो. मी नवी बॅटरी घालायचो, ड्रोन वर न्यायचो, आणि मास्तर बांधावर उभे राहून वरातीची चाल वाजवायचे. त्या चालीवर मी ड्रोन पुढे सरकवायचा. चाल जलद झाली तरी सरकणं मुंगीच्या पायाचंच. कापणी करणाऱ्या बायका विळे हातात धरून विचारायच्या, “कुनाचं लगीन गो या दिवसांत?” मास्तर ओरडून सांगायचे, “डोंगराचं!” ते ऐकून एक आजी खरोखरच विळा टाकून बघायला आल्या.

एका गावाच्या टोकाला मास्तरांनी बेंजोवरचा हात अचानक उचलला. “थांबव,” म्हणाले. “या कौलारू घरात औंदा मयत झालंय.” मी ड्रोन त्या घरावर थांबवला. अंगणात चिटपाखरू नव्हतं. बॅटरी खाली खाली चालली होती, आणि वरातीची चाल मोडू नये म्हणून आपोआप परत यायची सोय मी हल्ली बंदच ठेवत असे. रिमोट टुकटुक करायला लागला. “मास्तर, माणसं शेतावर असतील,” मी म्हटलं. मास्तर हात जोडून उभे. “मास्तर, पडेल तो त्यांच्या कौलांवर.” मास्तर ढिम्म. तेवढ्यात एक म्हातारबाबा तपकिरीची डबी झटकत बाहेर आले. त्यांनी वर पाहिलं, खाली आम्हाला पाहिलं, आणि मास्तरांना ओळखलं. मग हळूच म्हणाले, “वाजव हिराजी, वाजव.” मास्तरांनी वाजवलं. मी ड्रोन कसाबसा बांधावर आणून टाकला. त्या सबंध दिवसात तेवढा एकच क्षण मला मनापासून भीती वाटली होती, आणि ती ड्रोनची नव्हती, कुणी बाहेर आलंच नाही तर, याची होती.

घाटाच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. मी ड्रोन सरळ वर नेला, कड्याच्या अंगाअंगाने. मास्तर वाजवून दमले होते, तरी वाजवत होते. त्यांना तिथून काही दिसत नव्हतं, हे आता मला माहीत होतं.

तो व्हिडिओ मी इतक्या काळजीने जोडला, की आईने विचारलं, “कुणी पोरगी आहे का?” दिवाळीआधी मी तो घेऊन मास्तरांकडे गेलो. ओटीवर ते, शेजारी काकी. फोन हात लांब करून धरलेला. खोरं सुरू झालं. मास्तर एकेक ओळखत होते. “ह्यो पिंपळ. ही आमची मोरी. हितं एकदा घोडा बसला होता.” काकी म्हणत, “घोडा नाय, नवरा बसला होता.” त्या कौलारू घरावरून चित्र पुढे सरकलं आणि मास्तरांनी बोटाने फोन चाचपला.

“हितं थांबलो होतो आपन. कुटं गेलं ते?”

“थोडं कमी केलंय मास्तर. नुसतं एक घर किती वेळ बघणार? लोक कंटाळतात.”

“कंटाळू दे की,” मास्तर म्हणाले. आवाज चढवला नाही. “त्या म्हाताऱ्यानं आपल्याला वाजवा म्हटलं, तू त्याच्या आदीच निगालास. असं नाय करायचं रे. थांबायचं तितं थांबलं नाय तर मग नुसतं चालनं.”

मी तिथेच ओटीवर बसून ते सगळं थांबणं परत जोडलं. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. कौलारू घर आलं तेव्हा हात जोडले. मग भाताची खाचरं, नदी, रान, आणि शेवटी ती भिंत, कडे चढत चढत जाणारी, वर नुसतं आभाळ. फोन काळा झाला तरी मास्तरांनी तो खाली घेतला नाही.

“एवडं मोठं होतं होय पाटीमागं,” ते म्हणाले. “आनि मी त्याच्याकडं पाठ करून नाचवत होतो पोरांना.” त्यांचे डोळे भरून वाहत होते. मग नाक ओढून म्हणाले, “थेंब टाकलेत आत्ताच. ते आलं बाहेर.”

“थेंब सकाळी टाकलेत,” काकी म्हणाल्या, आणि पदराने आधी त्यांचे आणि मग स्वतःचे डोळे पुसले. मी उगाच ड्रोनचे पंखे तपासत बसलो. त्यांना काही झालेलं नव्हतं.

त्यानंतर मास्तरांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. गावात आलेल्या प्रत्येकाला दाखवला आणि प्रत्येकाला सांगितलं, “शहापूर फकस्त मशीन धरून होता. चाल आपली.” हे शंभर टक्के खरं होतं. डोळे पुढे पुढे मिटत गेले, पण पूर्ण मिटायची वेळ आलीच नाही. करवंदं पिकायच्या दिवसांत एका सकाळी बेंजोच्या तारा पुसता पुसता मास्तर गेले. मला फोन आला तेव्हा मी खर्डीच्या बाजूला कुठल्याशा तळ्यावर उजेडाची वाट पाहत उभा होतो. तसाच निघालो. मोटारसायकल मी त्या दिवशी पळवली. मास्तरांना आवडलं नसतं.

पुढच्या लग्नसराईत त्याच गावातल्या एका घरून मला बोलावणं आलं. वरात आणि मागचे डोंगर, दोन्ही एका चित्रात हवे होते. बेंजो पार्टी मास्तरांचीच होती. लाल कोटात आता त्यांचा पुतण्या होता, उलटा चालत. त्याला मोरीचा अंदाज नव्हता, एकदा पडतापडता वाचला. मी एका उंच घराच्या गच्चीवरून ड्रोन वर सोडला आणि त्यांच्या चालीने सरकवायला लागलो. दिवस मावळायला आला होता, मागे घाटाची भिंत तांबूस झाली होती, आणि मी मनाशी म्हणालो, आज व्हिडिओ झकास होणार.

वरात मास्तरांच्या दारात आली आणि बेंजो बंद झाला. ढोल बंद झाला. नाचणारी पोरं खाली मान घालून उभी राहिली. मला माहीत असायला हवं होतं, पण खरं सांगतो, मी त्या उजेडात गुंग होतो. माझा अंगठा आपोआप उचलला गेला आणि ड्रोन त्या अंगणावर थांबला.

कुणीच बाहेर येईना. घोडा फुरफुरला. गच्चीवरून मला घराचं बंद दार दिसत होतं आणि ओटीवरची ती जागा, जिथे बसून ते फोन हात लांब करून धरायचे. पुतण्या दाराकडे तोंड करून उभा होता, म्हणजे पहिल्यांदाच सरळ. रिमोट टुकटुक करायला लागला. या वेळी मी कुणाला काही म्हटलं नाही. पडला तर पडू दे, असंच वाटलं मला.

मग दार उघडलं. कमळाकाकी ओटीवर आल्या. त्यांनी वरातीकडे पाहिलं नाही, नवरदेवाकडे पाहिलं नाही. डोळ्यांवर हात धरून त्यांनी वर, ड्रोनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात हलवला, मास्तर हलवत तसाच, आणि म्हणाल्या, “वाजवा रे. जोरात वाजवा.”

तो व्हिडिओ मी चॅनलवर टाकला आहे. डोंगर आहे, वरात आहे, उजेडही छान आला आहे, आणि मधे एका अंगणावर चित्र थांबलेलं आहे, बराच वेळ, काहीही न घडता. आवाज नाही, कारण ड्रोनला आवाज टिपता येत नाही, आणि तिथे टिपण्यासारखा आवाजही नव्हता. खाली लोकांचे अभिप्राय येतच असतात. पुढे सरका. झोप आली. एकाने तर अगदी आपुलकीने कळवलं आहे, की भाऊ, तुमचा व्हिडिओ मधेच अडकलाय, तेवढा दुरुस्त करून घ्या.

मी अजून केलेला नाही.